पाहुणे आल्यावरचा चेहरा

६ जानेवारी

प्रयोगाच्या वहीत फक्त दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, असा माझ्या गाइड मॅडमचा दंडक आहे. मला तर उठता-बसता काहीतरी वाटत असतं. म्हणून वाटण्यासाठी आजपासून ही वेगळी वही.

तर आज वाटलं ते असं की, एक्केचाळिसाव्या वर्षी पीएचडी करायला निघालेल्या बाईचं डोकं एकदा तपासून घ्यायला हवं. जनावरांच्या दवाखान्यात चांगली सुखाची नोकरी होती. अभ्यासरजा काढून परत कॉलेजात आले आणि आता तिसरं वर्ष सुरू आहे. विषय, गाईच्या चेहऱ्यावरून तिला किती दुखतंय ते ओळखणं. लेक मैत्रिणींना सांगते, "माझी आई गाईंचे पासपोर्ट फोटो काढते." नवरोबाचं चष्म्याचं दुकान आहे. तो म्हणतो, गाईला नंबर लागला तर आपल्याकडेच पाठव. घरात माझी ही अशी किंमत आहे, आणि तरी दोघांनी तीन वर्षं घर सांभाळलंय, हेही इथं लिहून ठेवते. तोंडावर सांगितलं तर दोघंही शेफारतील.

आज खुराला जखम झालेली एक काळी गाय आली. मॅडमनी स्वतः तपासली. मॅडम सगळ्यांना अहो-जाहो करतात, आम्हा विद्यार्थ्यांना "अहो डॉक्टर" आणि गाईला "अहो बाई". "अहो बाई, पाय द्या बघू." आणि गाय खरंच पाय देते. मी तेच म्हटलं की शेपूट तोंडावर मारते.

१४ जानेवारी

बोंबललं सगळं.

पद्धत अशी आहे. खूर दुखणाऱ्या गाईचा एक फोटो वेदना कमी करणारं इंजेक्शन देण्याआधी काढायचा, एक नंतर. कान, डोळे, गाल, नाकपुड्या आणि मान या पाच जागा बघायच्या, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. जितके गुण जास्त तितकं दुखणं जास्त. फोटो मी काढते, म्हणून गुण देणारे वेगळे. एक माझी पॅथॉलॉजीतली मैत्रीण आणि दुसरे कुक्कुटपालन विभागाचे प्राध्यापक, ज्यांना अख्खं कॉलेज कोंबडीसर म्हणतं. कोणता फोटो आधीचा, कोणता नंतरचा, हे दोघांनाही ठाऊक नसतं.

आज सगळे गुण एकत्र करून पाहिले. आधी आणि नंतर सारखेच! म्हणजे इंजेक्शनाने गाईला काडीचाही फरक पडत नाही असं माझा अभ्यास म्हणतो. गाय मात्र इंजेक्शननंतर उठून वैरणीकडे चालायला लागते. दीड वर्षाचे फोटो पाण्यात गेले.

मॅडमनी तक्ते उभ्या उभ्याच वाचले. हल्ली त्या बसत नाहीत. डावा हात उजव्या खांद्यावर, तो चोळत, तोंड कडू करून. खांद्याचं मी समजू शकते. तीस वर्षं गाईंच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून गाभण आहे की नाही ते पाहिल्यावर खांदा कुणाचाही जातो. आमच्या धंद्याचा तो आजारच आहे. पण तोंड कडू झालं ते माझ्यामुळे. मी अर्धं वाक्य बोलले असेन-नसेन, "उद्या बोलू," म्हणून त्या तडक बाहेर निघून गेल्या. इतकी वैतागलेली बाई मी आयुष्यात पाहिली नाही. घरी येऊन लेकीवर उगीचच ओरडले.

१५ जानेवारी

मॅडमनी आज सकाळीच बोलावलं. माझे सगळे फोटो टेबलावर मांडून ठेवले होते.

"अहो डॉक्टर, या गाई कुठे बघतायत?"

"कॅमेऱ्याकडे."

"कॅमेऱ्याकडे नाही. तुमच्याकडे. कान पुढे, मान वर, डोळे टक्क. हे दुखणाऱ्या गाईचे फोटो नाहीत. हे पाहुणे आल्यावरचे चेहरे आहेत."

मी एक फोटो उचलून पुन्हा पाहिला.

"ज्या जनावरावर वाघ टपलेला असतो ते आपण लंगडतोय हे दाखवतं का? परकं माणूस समोर आलं की आधी चेहरा सावरायचा. मग ते माणूस गेल्यावर काय ते दुखायचं."

एवढी साधी गोष्ट! पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात ती. आणि मी दीड वर्ष गाईच्या नाकासमोर उभी राहून तिला विचारत होते, बाई गं, खरं सांग, दुखतंय का?

मला वाटलं, आता म्हणतील नाद सोडा. तर म्हणाल्या, "कॅमेरा तुळईला लावा आणि तुम्ही तिथून चालत्या व्हा. अर्धा तास गोठ्यात चिटपाखरू नको. मग त्या चित्रणातून फोटो घ्या." आणि मग, "एकतीस मेला मी निवृत्त होतेय. प्रबंध त्याआधी जायला हवा. गाइड मध्येच गेली तर विद्यार्थी दुसऱ्याकडे जातो, आणि दुसऱ्याच्या हाताखाली पुन्हा वर्ष काढावं लागतं. तुमची रजा जूनमध्ये संपते. हे सगळं मला ठाऊक आहे, तेव्हा रडत बसू नका."

मी रडत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं, ते आभाराचं होतं. पण मॅडमना आभार मानलेले चालत नाहीत, म्हणून सर्दी झालीय म्हटलं.

२ फेब्रुवारी

नवरोबाने दुकान बंद ठेवून कॅमेरा लावून दिला. शिडीवर चढून तुळईला पट्ट्या ठोकल्या, वर गाईला म्हणाला, "जरा हनुवटी खाली घ्या मॅडम." नेमक्या त्याच वेळी खऱ्या मॅडम दारात. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्या हसल्या! पोटाशी हात दाबून हसल्या, आणि मग लगेच हसू आवरून भिंतीला टेकल्या. "हसवू नका हो," म्हणाल्या. इतकं हसू आलं होतं त्यांना.

१९ फेब्रुवारी

मॅडमच्या मायेला हल्ली ऊत आलाय. रोज दुपारी स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवतात. "तुम्ही खा, तुम्ही दिवसभर गोठ्यात असता." स्वतः नुसतं गरम पाणी पितात. वजन उतरवण्याचं खूळ दिसतंय, आणि उतरतंयही. साडीच्या निऱ्या दुप्पट पडायला लागल्या आहेत. मी विचारलं, कुठला डाएट? "सक्तीचा," म्हणाल्या. मलाही करायला हवा, पण त्यांचा डबा खाऊन कसा करणार?

प्रकरणं मात्र दिल्या दिवशी परत येतात, तांबड्या शाईने न्हाऊन. समासात "कशावरून?" "कुणी पाहिलं?" असलं काहीबाही. एका पानावर "बरं" लिहिलंय. ते पान मी घरी नेऊन नवरोबाला दाखवलं. बाकी माझं लिखाण वाचून मॅडमचं पित्त खवळतं हे उघड आहे. वाचता वाचता डोळे बारीक होतात, गाल ताठतात, आणि पान तिथेच टाकून निघून जातात. मराठी-इंग्रजीचं असं कडबोळं कुणी समोर ठेवलं तर मीही निघून गेले असते.

११ मार्च

आज मला कुणी काहीही मागा, देईन!

नव्या चित्रणातल्या फोटोंचे गुण आले. इंजेक्शनआधी जास्त, नंतर कमी. मैत्रिणीचेही तसेच, कोंबडीसरांचेही तसेच. कोंबडीसर स्वतः सांगायला आले. "मला पंख नसलेल्या प्राण्यांतलं काही कळत नाही, तरी मलासुद्धा कळलं, म्हणजे तुझी मोजपट्टी चांगली आहे." यापेक्षा मोठं प्रमाणपत्र विद्यापीठ काय देणार?

गोठ्यात कुणी नसलं की गाय किती वेगळी दिसते! जानेवारीतली काळी गाय खूर पुन्हा चिघळून आली, तेव्हा माझ्यासमोर कशी राणीसारखी उभी होती. मी दाराबाहेर गेले आणि मिनिटाभरात तिचे कान मागे पडले, पापण्या आवळल्या, गालाचा स्नायू दोरीसारखा उठून आला. ते चित्रण बघताना मला तिची माफी मागावीशी वाटली.

धावत मॅडमकडे गेले. त्या फोनवर होत्या. "नाही, आत्ता नाही. जूनमध्ये बघू. हो, मला कळतंय तुम्ही काय सांगताय, पण जूनच." घराला रंग द्यायचाय वाटतं. कंत्राटदार हात धुऊन मागे लागलेला दिसतो.

तक्ते पाहून मॅडम म्हणाल्या, "हं." दीड वर्षाच्या नाचक्कीनंतर नुसतं "हं"! पण मग चष्मा काढून पुसत राहिल्या. मी त्यांना ओळखते. आनंद झाला होता.

२८ मार्च

आज भांडण. म्हणजे त्या बोलल्या आणि मी ऐकलं. चौथ्या प्रकरणाला मी आठवडा मागून घेतला होता, लेकीची परीक्षा होती म्हणून. मॅडम म्हणाल्या, "आठवडा म्हणजे किती मोठा असतो याची तुम्हाला कल्पना नाही." कपाळावर घाम. एवढ्याशा कारणावरून! मी मनात म्हटलं, यांना माझा कंटाळा आलाय, निवृत्तीआधी एकदाची ब्याद टळावी असं झालंय. वाईट वाटलं. तरी रविवारी बसून प्रकरण पुरं करणार आहे. रागातसुद्धा त्या माझ्याकडून चांगलं काम करून घेतात, हे नाकबूल कसं करू?

९ एप्रिल

अक्षर लागलं नाही तर पुढे माझं मलाच कळायचं नाही, म्हणून सावकाश लिहिते.

दुपारी कालच्या शेवटच्या गाईचं चित्रण बघत होते. गाय तपासून झाली, गाईवाला तिला घेऊन गेला, आणि कॅमेरा बंद करायचा मी विसरले. चित्रण तसंच पुढे चालू. रिकामा गोठा. मी पुढे ढकलणार, इतक्यात मॅडम आल्या. पाण्याची टाकी बघितली. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली. आणि मग लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून त्या वाकल्या.

चेहरा नेमका कॅमेऱ्यासमोर होता. पापण्या आवळलेल्या. गालाचा स्नायू उठून आलेला. नाकपुड्या ताणलेल्या. मान खाली गेलेली. माझ्या हाताला सवय इतकी लागलीय की मी पेन उचललं आणि गुण द्यायला लागले. डोळे दोन. गाल दोन. आणि मग मला समजलं मी कुणाला गुण देतेय.

त्या तशा उभ्या होत्या, बराच वेळ. मग पदराने तोंड पुसलं, खांदे मागे घेतले, केस सारखे केले आणि बाहेर गेल्या. चित्रणावरची वेळ पाहिली. त्यानंतर लगेच त्या माझ्या टेबलापाशी आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "अहो डॉक्टर, संदर्भसूची वर्णानुक्रमे लावायची असते, लहर लागेल तशी नाही." ताठ उभं राहून.

खांदा. डबा. गरम पाणी. मध्येच निघून जाणं. उजव्या बरगडीखाली धरलेला हात. कुठल्याही गाईच्या बाबतीत मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की हिचं पोट दुखतंय. आणि कंत्राटदार म्हणे! गाढव आहे मी. नाही, गाढवाला कळलं असतं.

चित्रणाचा तेवढा भाग पुसून टाकला. ते मला दाखवण्यासाठी नव्हतं.

१० एप्रिल

नवरोबा म्हणाला, "सरळ विचार त्यांना." "मॅडमना? मी?" "मग कोण, काळी गाय?" म्हणून गेले. दार लावून घेतलं.

"मॅडम, परवा कॅमेरा बंद करायचा राहिला. गोठ्यात तुम्ही दिसलात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "परवानगीशिवाय माणसाचं चित्रण केलंत."

"पुसलं मी. पण पुसायच्या आधी पाहिलं."

पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "गुण दिलेत?"

"दिले. माणसाचे कान हलत नाहीत, म्हणून ते धरले नाहीत."

"किती?"

"आठांपैकी सात."

"कुठला एक कापलात?"

"मानेला एकच दिला."

"दोन द्यायला हवे होते," मॅडम म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसल्या.

मग सगळं बाहेर आलं. पित्ताशयात खडे आहेत, खांद्यात जाते ती त्याचीच कळ. दोनदा सूज येऊन गेलीय. डॉक्टर जानेवारीपासून ऑपरेशन करा म्हणून मागे लागलेत. आता छोट्या छिद्राने भागणार नाही, पोट उघडावं लागेल, मग महिना-दीड महिना घरी. म्हणजे मे गेला. म्हणजे मी गेले.

"मॅडम, दुखऱ्या खुराची गाय घेऊन गाईवाला चार महिन्यांनी आला असता तर तुम्ही त्याला काय म्हटलं असतं?"

"हाकलून दिलं असतं."

"मग?"

"तुमचं वर्ष जाईल."

"जाईल."

"रजा संपेल. दवाखाना सांभाळून लिहावं लागेल."

"लिहीन."

"मुखपृष्ठावर गाइड म्हणून दुसऱ्याचं नाव येईल." हे त्या जरा हळू म्हणाल्या.

मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, "तुम्ही आजच फोन करा. मी इथेच उभी आहे." आयुष्यात मॅडमना मी दिलेला हा पहिला हुकूम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोन उचलला.

खरं लिहायचं तर हे सगळं मी घाईघाईने बोलून टाकलं, कारण सावकाश बोलले असते तर जीभ मागे फिरली असती. बाहेर येऊन बाथरूममध्ये रडले. त्यांच्यासाठी थोडं, आणि त्या वर्षासाठी बरंच. मला ते वर्ष हवं होतं. जूनमध्ये पेढे-बिढे काही नकोत, पण "झालं एकदाचं" म्हणायचं होतं. ते अजून वर्षभर म्हणता येणार नाही. वाईट वाटतंय, आणि चुकलं असं मात्र अजिबात वाटत नाहीये.

संध्याकाळी घरी सांगितलं. नवरोबा म्हणाला, "अजून वर्षभर गाईंचे फोटो? बरं." आणि चहा टाकायला उठला. लेक म्हणाली, "मग आता मॅडमना कोण बघणार?" या पोरीला मी काय शिकवणार?

१६ एप्रिल

कोंबडीसरांकडे गेले. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. "माझ्या हाताखाली ये. मॅडम बोट ठेवतील तिथे मी सही करीन. एक अक्षर बदलणार नाही. वर्ष मात्र भरावं लागेल, नियम काही माझ्या बापाचा नाही." वर म्हणाले, मुखपृष्ठावर सहमार्गदर्शक म्हणून मॅडमचं नाव घालता येतं, ते मी भांडून मिळवतो. भांडण म्हणजे काय हे कोंबडीसरांना माहीत तरी आहे का, देव जाणे. पण म्हणाले.

२२ एप्रिल

ऑपरेशन झालं, नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर अवघड होतं. मॅडमची थोरली बहीण लांबून यायची आहे, उद्या पोचेल. तोवर मी आहे. घरून नवरोबाने उशी आणि लेकीने तिची गोष्टीची पुस्तकं पाठवली आहेत, मॅडमना कंटाळा येईल म्हणून.

२३ एप्रिल

सकाळी मॅडम पूर्ण जाग्या झाल्या. मला बघून पहिलं वाक्य, "पाचवं प्रकरण?" म्हटलं, आहे पिशवीत. "ठेवा तिथेच," म्हणाल्या. हे आक्रीतच.

सिस्टर आल्या. "आजी, किती दुखतंय? शून्य ते दहामध्ये सांगा." आजी म्हटल्यावर मॅडमनी भुवई उचलली, खांदे जरा मागे घेतले. "काही विशेष नाही. दोन." सिस्टरनी लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मी उठून दाराकडे निघाले. म्हटलं, आपण समोर असलो की बाई चेहरा सावरणार. बाहेर जाऊन बसावं म्हणजे त्यांना निवांत दुखेल तरी. एवढं तरी मी या तीन वर्षांत शिकले आहे.

"कुठे चाललीस?"

मी वळले. त्यांनी डोळे मिटले नव्हते, तोंड फिरवलं नव्हतं. सरळ माझ्याकडे बघत होत्या.

"दुखतंय गं."

"फार?"

"फार." आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

मी बेल दाबली आणि त्यांचा हात धरला. सिस्टर येईपर्यंत त्या कण्हत राहिल्या, माझ्यासमोर, चेहरा जराही न सावरता. मला आजवर कुणी इतकं मोठं काही दिलेलं नाही.